लोकलच्या सुजाण प्रवाशांसाठी काही हितकारक सूचना

गेल्या मंगळवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास आमच्या स्थानकाच्या पुलावर माझा उजवा घोटा मुरगळला. दोष अर्थातच माझा होता. इंडिकेटरवर दोन क्रमांकाच्या फलाटासमोर माझी गाडी झळकत होती आणि पन्नाशी उलटून गेल्यावरही मी त्या इंडिकेटरवर विश्वास ठेवला. घरी पाय शेकत बसलो असताना मनात आले, की मुंबईच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या लाखो लोकांमध्ये माझ्याइतके भाबडे आणखीही काही जण असतील. त्यांच्या भल्यासाठी चार अनुभवाचे बोल लिहून ठेवावेत.

सर्वप्रथम, डबा भरला आहे असे कधीही समजू नये. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहिली, की त्या अवस्थेला रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे म्हणतात, आणि ज्या गोष्टीला इतके भारदस्त नाव मिळाले आहे तिला गैरसोय म्हणणे शोभत नाही. शंका असल्यास घरातील फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखावा, त्यात घरची मंडळी आणि कमी पडल्यास शेजारची मंडळी उभी करावीत आणि तासभर तसेच राहून पाहावे. सोबत जेवणाचे डबे आणि ओल्या छत्र्या असतील तर सराव अधिक चांगला होतो.

दारात लटकू नये. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५६ प्रमाणे, ताकीद मिळूनही पायरीवरून प्रवास करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आत शिरायला जागाच नव्हती असा बचाव त्या कलमात कुठेही लिहिलेला नाही. तरीही लटकलात आणि पडलात, तर त्याच कायद्याच्या कलम १२४-अ मध्ये भरपाईची सोय आहे. मृत्यूबद्दलची रक्कम २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख झाली आहे. पास मात्र आतल्या खिशात नीट ठेवावा, म्हणजे मागे राहिलेल्यांची वणवण थोडी कमी होते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासून खाली पडले, त्यात जीव गेले, आणि त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. दारे बंद होतील हे कळले. आज दाराबाहेर असलेली माणसे उद्या कोठे उभी राहतील, हे तेवढे कळायचे आहे.

रविवार हा रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याचा, म्हणजे ‘मेगाब्लॉक’चा दिवस असल्याने त्या दिवशी कोणाच्याही घरी लग्न, मुंज किंवा बारसे ठरवू नये.

पैशांविषयी बोलताना तर विशेष विनयाने वागावे. कोणी सोयींचा विषय काढलाच, तर दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे अवघे पाच रुपये आहे हे आठवून आपणच खाली मान घालावी. पाच रुपयांत घरी पोहोचायचे, आणि तेही धडधाकट, ही हाव झाली. शिवाय निधी नाही असे म्हणण्याची सोय कोणी ठेवलेली नाही. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०१६ मध्ये १०,९४७ कोटी रुपयांची आणि ‘तीन-अ’ टप्प्याला २०१९ मध्ये ३३,६९० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. या दोन्हींत मिळून २३८ वातानुकूलित गाड्या येणार आहेत. २०१६ साली पहिलीत बसलेली मुले दहावीला पोहोचली, तरी त्या गाड्यांची वाट पाहण्याचा आनंद अजून शिल्लक आहे. कागदावरची गाडी कधीच खोळंबत नाही, हे तिचे वैशिष्ट्य लक्षात घ्यावे.

आता उद्घोषणांविषयी. फलाट बदलल्याची उद्घोषणा गाडी दुसऱ्या फलाटावर शिरत असतानाच करण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे प्रवाशांच्या व्यायामाची काळजी असावी. मंगळवारी आमच्यावर हाच प्रयोग झाला. दोन क्रमांकावर ताटकळलेली सगळी गर्दी एकाच वेळी पुलाकडे वळली. पुलाचा अर्धा जिना सरकत्या जिन्याच्या कामासाठी पत्रे लावून बंद होता, आणि ते पत्रे गेल्या पावसाळ्यापासून तेथेच आहेत, पण ते असो. वरून उतरणारे खाली येत होते, खालचे वर चढत होते, पायऱ्या ओल्या होत्या आणि डोक्यावरचा भोंगा असुविधेबद्दल खेद व्यक्त करीत होता. माझ्या पुढे सत्तरीच्या एक बाई होत्या. त्या पडल्या. त्यांच्यावरून कोणी गेले नाही, ते केवळ चार कॉलेजच्या मुलांनी कठड्याला पाय रोवून, हातांची साखळी करून गर्दी मागे रेटली म्हणून. गणवेशातला एकही माणूस तेथे नव्हता. हे मी उपरोधाने लिहायला बसलो होतो, पण येथे मला ते जमत नाही.

कारण हे सगळे एकदा घडून गेलेले आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या अरुंद जिन्यावर, अशाच पावसात आणि अशाच रेटारेटीत, तेवीस माणसे चिरडून मेली. वर्षानुवर्षे न झालेला पूल मग लष्कराने काही महिन्यांत उभा करून दाखवला, म्हणजे पूल बांधणे अवघड नव्हते. स्थानकाचे नाव बदलून प्रभादेवी झाले. आणि एवढे होऊनही फलाट बदलल्याचे आधी सांगायचे असते, गर्दीच्या वेळी जिना अर्धा बंद ठेवायचा नसतो, ठेवलाच तर तेथे माणूस उभा करायचा असतो, या साध्या गोष्टी, रेल्वेच्या कारभाऱ्यांनो, तुम्हांला शिकता आलेल्या नाहीत. यातल्या पहिल्या गोष्टीला तर एक रुपयाही लागत नाही! २०२३ या एका वर्षात या शहराच्या लोकलमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. लोकांना गुरांसारखा प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, असे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सुनावले. लाज न्यायालयाला वाटली. ज्यांना वाटायला हवी होती, त्यांनी भोंग्यातून खेद व्यक्त करून हात झटकले.

आणि ‘मुंबईकर काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत’ असे कौतुकाने म्हणणाऱ्यांनीही आता पुरे करावे. आम्ही दुसऱ्या दिवशी गाडीत असतो, कारण खाडा झाला की पगार कापला जातो.

त्या रात्री मी रीतसर ऑनलाइन तक्रार नोंदवली. फलाट, वेळ, बंद जिना, बाई पडल्या, सगळे लिहिले. अकराच्या आत उत्तर आले, की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्यावेत. पत्रे बुधवारीही तेथेच होते. त्या बाईंना कितपत लागले, एवढे तरी आधी विचारायचे होते.