वीस-पंचवीस रुपयांच्या स्विचपायी अख्खा कीबोर्ड भंगारात?

'नागपूर' टाइप करा, पडद्यावर 'नाागपूर' उमटतं. खोडा, परत टाइप करा, परत तेच. मेकॅनिकल कीबोर्डच्या एका कळीला चॅटरिंग, म्हणजे एका दाबाला दोनदा उमटण्याचा रोग, लागलं की हा छळ सुरू होतो. मग तो कीबोर्ड घेऊन नागपूरच्या बर्डी बाजारात गेलं की काउंटरपलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "भाऊ, याचं काही होत नाही, नवीन घेऊन टाका." काऊन होत नाही? उघडून पाहिलं का? मीटर लावला का? कळीची टोपीसुद्धा न काढता तीन-चार हजारांची वस्तू मेली म्हणून सांगायचं आणि त्याच दमात शोकेसमधल्या नवीन डब्याकडे बोट दाखवायचं, हा दुरुस्तीचा धंदा नाही.

मेम्ब्रेन कीबोर्डची गोष्ट वेगळी. त्यात सगळ्या कळींखाली एकच छापील पडदा असतो, तो गेला की खेळ खलास. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो आणि लोक जास्तीचे पैसे मोजतात ते नेमके याचसाठी. एक स्विच बिघडला म्हणून अख्खा बोर्ड फेकायला सांगणं म्हणजे ट्यूब पंक्चर झाली म्हणून गाडी भंगारात घालायला सांगणं.

स्विचच्या आत असतं तरी काय? एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पत्त्या. कळ दाबली की पत्त्या टेकतात, पण टेकताना किंचित थरथरतात. चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचच्या तपशीलपत्रात ही थरथर ५ मिलिसेकंदांच्या आत संपेल असं दिलेलं आहे. कीबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे आतल्या चिपमधला प्रोग्राम, तोही साधारण तेवढाच वेळ थांबून मग एक दाब मोजतं. पत्तीवर धूळ बसली किंवा ऑक्साइडचा थर चढला की थरथर लांबते आणि कंट्रोलर, म्हणजे ती चिप, एका दाबाचे दोन दाब मोजतो. एवढाच रोग आहे. इन्स्क्रिप्ट या सरकारी कळ-मांडणीवर मराठी लिहिणाऱ्यांना तो आधी इंग्रजी 'E' अक्षराच्या कळीवर दिसतो, कारण आपला काना तिथेच बसतो आणि कान्याशिवाय मराठीचं एक वाक्य पुढे सरकत नाही. इंग्रजीतही सर्वांत जास्त दाबलं जाणारं अक्षर तेच. म्हणजे दोन्ही भाषांचा मार एकाच स्विचवर.

निदानाला पाच मिनिटं लागतात. पाच! हॉट-स्वॅप बोर्ड, म्हणजे सोल्डरिंगशिवाय स्विच काढता-घालता येणारा, असेल तर बिघडलेल्या कळीचा स्विच आणि स्क्रोल लॉकचा स्विच यांची अदलाबदल करा. दोष स्क्रोल लॉकवर गेला तर स्विच खराब. दोष जागेवरच राहिला तर सॉकेट, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा बारीक भाग) किंवा बोर्डावरची तांब्याची वाट खराब. इतकी सोपी परीक्षा एकाही काउंटरवर घेतली जात नाही, याचा संताप येतो.

स्विच काढताना पुलरचे, म्हणजे स्विच ओढायच्या चिमट्याचे, दोन दात स्विचच्या वरच्या आणि खालच्या खाचेत बसवून सरळ वर ओढायचा, तिरका नाही. नवीन बसवताना बोर्डाच्या मागून सॉकेटला बोटाने आधार द्या. ते सॉकेट फक्त दोन पॅडवर, वरच्या वर सोल्डर केलेलं असतं. वरून दाब आणि खालून आधार नाही, की पॅडसकट उखडतं. कळ अजिबातच चालेना झाली तर स्विच परत काढून पाहा, बहुतेक वेळा एक पाय दुमडून पोटाखाली गेलेला असतो. चिमट्याने सरळ करा. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या बोर्डात बसत नसेल तर प्लास्टिकचे दोन बारीक खुंट नेलकटरने छाटा, त्यांना वीज लागत नाही.

आता कंपन्यांकडे वळतो. डब्यावर ठळक 'हॉट-स्वॅप' छापायचं आणि आत फक्त आउटेमू कंपनीच्या बारीक पायांचे स्विच घेणारं सॉकेट टाकायचं! त्यात गॅटेरॉन किंवा चेरी कंपनीच्या स्विचचा जाड पाय घुसत नाही. माणूस जोर लावतो, पाय वाकतो, सॉकेट फाटतं, आणि वॉरंटीत 'युजर डॅमेज' लिहून हात झटकले जातात. डब्यावर दिव्यांच्या मोडची लांबलचक यादी छापायला जागा आहे, मग सॉकेट कोणतं हे सांगणाऱ्या एका ओळीला जागा का नाही?

यूएसबी-सी पोर्टचंही तेच. त्या पोर्टवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. स्वस्त बोर्डांत ते वाचवले जातात. मग सी-टू-सी केबल (दोन्ही टोकं यूएसबी-सी) लावली की लॅपटॉप वीजच देत नाही आणि कीबोर्ड मेल्यासारखा दिसतो. ए-टू-सी केबल (एक टोक जुनं चौकोनी यूएसबी) लावा, चालू होतो. आणि दुकानात सांगतात, पोर्ट गेला, बोर्ड बदला. केबल बदलून पाहायला काय जातं?

पण सर्वांत जास्त नासधूस होते ती फवाऱ्याने. गंज सोडवायचा साधा डब्ल्यूडी-४० कळीच्या फटीत मारून मोकळे होतात. तो मागे तेलकट थर सोडतो. दोन दिवस कळ चालते, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं, मग त्या तेलावर धूळ चिकटते आणि शेजारच्या कळीही चिकटायला लागतात. कॉन्टॅक्ट क्लीनर नावाची वेगळी वस्तू मिळते, डब्ल्यूडी-४० बनवणारी कंपनीसुद्धा ती वेगळी विकते. तीच वापरा, नाहीतर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. केबल काढून ठेवा, टोपी काढा, दांडी दाबून धरा, सिरिंजने एक-दोन थेंब फटीत सोडा, मग कळ पन्नासेक वेळा दाबा आणि पूर्ण सुकू द्या. पुष्कळ स्विच एवढ्यावर सुधारतात. आठवड्यात दोष परतला तर पत्ती झिजली समजा आणि स्विचच बदला. फर्मवेअर क्यूएमके नावाचं (स्वतः बदलता येणारं) असेल तर डिबाउन्स, म्हणजे थरथर संपायची वाट पाहण्याचा वेळ, ५ वरून १० मिलिसेकंद करून काम रेटता येतं, पण त्याने रोग झाकला जातो, बरा होत नाही.

सोल्डर केलेल्या बोर्डावर तर काळजाचं पाणी होतं. तापमान न पाहता सोल्डरिंगची इस्त्री टेकवून ठेवायची, स्विच सुटेना की स्क्रूड्रायव्हरने उपटायचा! भोकातला तांब्याचा अस्तर निघून येतो आणि मग तो बोर्ड खरोखरच जातो. कारण साधं आहे. कारखान्यातलं शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, आपलं ६०/४० (कथिल-शिशाचं) सोल्डर १८३ ते १९० अंशांत. म्हणून जुन्या जोडावर आधी थोडं ताजं ६०/४० आणि फ्लक्स टाकायचा, दोन्ही मिसळू द्यायचे, मग सोल्डर सकरने (वितळलेलं सोल्डर ओढणाऱ्या पिचकारीने) ओढायचं. इस्त्रीचं टोक ३५० अंशांच्या आसपास, एका पॅडवर तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. उरलेलं सोल्डर तांब्याच्या विकने (विणलेल्या पट्टीने) टिपायचं. दोन्ही पाय भोकात मोकळे हलायला लागले की मगच वरच्या क्लिपा दाबून स्विच काढायचा. सोल्ड्रॉन कंपनीच्या साध्या २५ वॉटच्या इस्त्रीनेही हे जमतं, हात घाईचा नसला की झालं.

कळ साफ बंद असेल तर स्विचआधी डायोड तपासा. प्रत्येक कळीला एक डायोड असतो, बहुधा १एन४१४८ किंवा त्याचाच चपटा भाऊ. मीटर डायोडवर लावला की एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसावा, उलट्या बाजूने काही नाही. अख्खी ओळ किंवा अख्खा उभा रकाना बंद असेल तर स्विचना हात लावू नका, वाट तुटली आहे किंवा कंट्रोलरचा पाय सुटला आहे. कंट्रोलर जळाला असेल तर मात्र 'नवीन घ्या' हे उत्तर मान्य. पण ते मीटर लावून सांगा, तोंड पाहून नाही.

हा रोग नागपुरात जास्त सतावतो आणि त्याची कारणं डोळ्यांपुढे आहेत. सिमेंट रोडची खोदाखोद, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, आणि उन्हाळाभर टेबलावर ओल्या हवेचा झोत मारणारा कूलर. धूळ आणि ओल एकत्र आली की पत्तीवर थर चढणारच. कूलर टेबलाच्या रेषेतून हलवा, रात्री कीबोर्डवर कापड टाका, महिन्यातून एकदा टोप्या काढून ब्रश मारा. टोप्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, उकळत्या पाण्यात एबीएस प्लास्टिकच्या टोप्या वाकड्या होतात. आणि कृपा करून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या टाकीत पाणी आणि तेल साचलेलं असतं, तेच स्विचमध्ये जातं.

वॉरंटीतल्या कीबोर्डला हे काहीही करण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून नकार लेखी घ्या. नुसतं 'लिक्विड डॅमेज' म्हणून चालणार नाही, कुठे आणि कशावरून, हे जॉबशीटवर लिहायला लावा, आत उघडलेल्या बोर्डाचा फोटो मागा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात इलेक्ट्रॉनिक्स येतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रार टाका, कारण गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जिवावरच हे सगळं चाललंय.

आणि दुरुस्ती करणाऱ्यांनो, दुकानात लाल, निळे, तपकिरी असे दहा-दहा स्विच ठेवायला किती भांडवल लागतं? स्विचचे पैसे घ्या, कामाची मजुरी वेगळी घ्या, हक्काने घ्या. लोक देतील. गिऱ्हाइकांनी मात्र काउंटरवर तीन गोष्टी विचाराव्या: स्विच अदलाबदल करून पाहिला का, फवारा कोणता मारणार, सोल्डर काढताना ताजं सोल्डर टाकणार का. तिन्हीपैकी एकाचंही उत्तर धड आलं नाही, तर कीबोर्ड उचला आणि परत घरी आणा.