सीट मऊ हवी, बधिरपणा सवयीनं जातो: त्या मेसेजला उत्तर

आषाढी जवळ यायला लागली की आमच्या नाशिकमध्ये पंढरपूरच्या सायकलवारीची तयारी सुरू होते. ओळखीतली दोन-चार माणसं नवी सायकल घेतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या फोनवर एक मेसेज येऊन पोचतो. यंदा तो माझ्या धाकट्या जावेनं मला पाठवला. खाली विचारलं होतं, "ताई, कव्हर आणू का?"

मेसेज थोडक्यात असा: सीट जितकी मऊ तितका त्रास कमी, म्हणून जेलचं कव्हर चढवा. बायकांनी तर रुंद गादीचीच सीट घ्यावी. दुखलं तरी रोज बसा, पंधरा दिवसांत बूड पक्कं होतं. मुंग्या आल्या, बधिर झालं तरी घाबरू नका, तेही सवयीनं जातं. पॅडवाली शॉर्ट नेहमीच्या चड्डीवरूनच घाला.

यातली एकच गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या चुकीच्या आहेत आणि त्यातली एक धोक्याची. तीन वर्षांपूर्वी मी हा सल्ला जसाच्या तसा पाळला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ घोटाळा असा की तीन वेगळ्या त्रासांना आपण 'सीट लागते' हे एकच नाव देतो. बैठकीच्या दोन हाडांखाली ठणकतं, तो एक. जांघेत कातडी घासून लाल होते, पुळ्या येतात, तो दुसरा. आणि मधल्या नाजूक भागात मुंग्या येऊन बधिर होतं, तो तिसरा. तिघांची कारणं वेगळी आहेत, उपायही वेगळे.

पंधरा दिवसांची गोष्ट फक्त पहिल्या त्रासाला लागू पडते. मांडी घालून बसलं की जमिनीला टेकतात ती दोन हाडं सायकलवर आपलं वजन पेलतात. तिथल्या स्नायूंना आणि कातडीला असा दाब नवा असतो, म्हणून सुरुवातीला ठणकतं आणि दोन-तीन आठवड्यांत कमी होतं. पण 'रोज बसा' हे इथेही चूकच. ठणका उतरायला मधला दिवस लागतो. अर्धा-पाऊण तास, एक दिवस सोडून, एवढं सुरुवातीला पुरतं.

आजोबांच्या काळातल्या सायकलींवर ताणलेल्या चामड्याची सीट असायची. ती खरोखरच काही शे किलोमीटरनंतर बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबून आकार घ्यायची. इंग्लंडच्या ब्रूक्स कंपनीच्या चामडी सीट आजही तशाच मुरतात. आताच्या बहुतेक सीट म्हणजे प्लास्टिकचा साचा आणि वर फोम. साचा तुमच्यासाठी आकार बदलत नाही, फोम फक्त झिजतो. त्यामुळे चुकीच्या मापाची सीट सहा महिन्यांनीही चुकीच्याच मापाची राहते.

आता मऊपणाबद्दल. दुकानात अंगठ्यानं दाबून पाहिलेली मऊ सीट दहा मिनिटं छान वाटते. नंतर हाडं त्या गादीत रुततात आणि त्यांच्यामधला फोम किंवा जेल वर येऊन मधल्या भागावर दाबतं. जो भाग मोकळा राहायला हवा, नेमका त्याच्यावर वजन येतं. माझं असंच झालं. कव्हर चढवून त्र्यंबक रस्त्याला लागले, हाडांना खरंच बरं वाटत होतं, आणि वीस किलोमीटरच्या आतच खालचा भाग बधिर झाला. मेसेजमध्ये 'सवयीनं जातं' असं लिहिलं होतं, म्हणून मी महिनाभर तशीच चालवत राहिले. लाजेनं कोणाला विचारलं नाही. एकदा घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत संवेदना परत आली नाही, तेव्हा डॉक्टरांकडे गेले.

म्हणून हे अगदी स्पष्ट सांगते: बधिरपणाची सवय होत नसते आणि करून घ्यायचीही नसते. बैठकीच्या हाडांच्या आतल्या बाजूनं प्युडेंडल नावाची नस आणि तिच्या सोबतीनं रक्तवाहिन्या जातात. दाब पडतो तो त्यांच्यावर. सायकलवर दिवसभर गस्त घालणाऱ्या अमेरिकेतल्या पोलिसांवर तिथल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेनं अभ्यास केला आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 90 पुरुष पोलिसांना सहा महिने पुढचं नाक, म्हणजे निमुळतं टोक, नसलेली सीट वापरायला दिली. आधी 27 टक्के जण म्हणत होते की बधिरपणा येत नाही, सहा महिन्यांनी ते प्रमाण 82 टक्के झालं. ही माणसं आधीपासून सायकलवर ड्यूटी करणारी होती. सवयीनं जाणारा प्रकार असता तर त्यांचा केव्हाच गेला असता. गेला तो सीट बदलल्यावर.

बायकांनाही हाच त्रास होतो, फक्त आपण बोलत नाही. बधिर वाटलं की लगेच पेडलवर उभं राहा, नाहीतर उतरा. पुढच्या वेळी बसण्याआधी सीटचं नाक वर उचललेलं नाही ना, ते बघा. गवंड्याची लेव्हल वर ठेवली की कळतं. सीट सपाट करून पाहा, हवं तर नाक अगदी किंचित खाली. जास्त खाली केलं तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. मधे खाच असलेली सीट बऱ्याच जणांना मानवते. एवढं करूनही बधिरपणा परत येत असेल किंवा उतरल्यावर तासन्‌तास राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

बायकांनी रुंद सीट घ्यावी, हेही अंदाजपंचे आहे. सरासरीनं बायकांच्या हाडांमधलं अंतर जास्त असतं, पण सरासरीवर कोणी बसत नाही. माप घरी काढता येतं. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, थोडं पुढे झुका, उठा. दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा, साधारण तेवढ्या रुंदीची सीट लागते. ताठ बसून चालवत असाल तर थोडी जास्त. माझं माप साडेबारा सेंटिमीटर निघालं. 'लेडीज' म्हणून मला दिलेली सीट वीस सेंटिमीटरच्या वर होती. मिनिटाला पंचाहत्तर वेळा पेडल फिरवलं तर तासाला साडेचार हजार वेळा मांडीची आतली बाजू त्या कडेला घासते. माझ्या पुळ्यांचं कारण तेच होतं.

सीट फार उंच असली तरी असंच घासतं, कारण पाय पोचवायला कंबर डावी-उजवीकडे डुलते. टाच पेडलवर ठेवून, पेडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा, ही सुरुवातीची उंची.

चड्डीचं उत्तर छोटं आहे: पॅडवाल्या शॉर्टच्या आत काहीही घालायचं नाही. आतल्या कपड्याची शिवण काचते आणि घाम धरून ठेवते, तर पॅड नेमका शिवण टाळण्यासाठीच असतो. शॉर्ट दर वेळी धुवा, आणि घरी आल्यावर तीच घालून चहा पीत बसू नका. पुळी आली तर फोडू नका, दोन-तीन दिवस सायकल बंद ठेवा. गाठ झाली, ताप आला किंवा मधुमेह असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. 1989 च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत फ्रान्सचा लोराँ फिन्यों शेवटच्या दिवशी असल्याच जखमेसह उतरला होता आणि आठ सेकंदांनी शर्यत हरला. हरण्याला इतर कारणंही होती, पण तयारीतल्या माणसालाही हे चुकत नाही एवढं त्यावरून कळतं.

जावेला मी कव्हर आणू दिलं नाही. तिचं माप पुठ्ठ्यावर पावणेबारा आलं आणि सायकलसोबत आलेली सीट तिला बरोबर बसते, फक्त नाक वर होतं ते खाली घेतलं. आता तीन आठवडे एक दिवसाआड, आधी गंगापूर धरणापर्यंत, मग त्र्यंबकला जाऊन-येऊन, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ पेडलवर उभं राहायचं. वारीत पहिल्या दिवशीचा नगरपर्यंतचा पल्ला दीडशेच्या पुढे आहे, त्यामुळे निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत सीटमध्ये काही बदल करायचा नाही, असं आमचं ठरलंय.