खुलासा: ओपनएच२६४ची रॉयल्टी सिस्को भरते, पण कधी?

‘ओपनएच२६४ बीएसडी परवान्याखाली आहे, सोर्स घ्या, बिल्ड करून ॲपमध्ये टाका, पेटंटची रॉयल्टी सिस्को भरते’ असा मेसेज डेव्हलपरांच्या ग्रुपांवर फिरतोय. ओपनएच२६४ म्हणजे एच.२६४ या पद्धतीने व्हिडिओ लहान करणारं आणि परत उलगडणारं सिस्को कंपनीचं सॉफ्टवेअर, म्हणजेच कोडेक. परवान्याचं बरोबर आहे, रॉयल्टीचं अर्धवट. बीएसडी परवाना (कोड वापरायची, बदलायची, वाटायची मुभा देणारा) कॉपीराइटपुरता, एच.२६४ची पेटंट्स वेगळी. सिस्को भरते ती सिस्कोनेच बिल्ड केलेल्या बायनरीची (चालवायला तयार फाइलची), आणि तीही वापरणाऱ्याच्या मशीनवर स्वतंत्रपणे डाउनलोड झाली तरच. बायनरीच्या परवान्यात हे स्पष्ट लिहिलंय. ॲपमध्ये वापरणाऱ्याला कोडेक चालू-बंद करायची सोयही द्यावी लागते. स्वतंत्र डाउनलोडच्या अटीमुळेच तर फायरफॉक्स २०१४ पासून ही बायनरी इन्स्टॉलरमध्ये न घालता नंतर प्लगइन म्हणून उतरवतो! स्वतः कंपाइल करून वाटलंत, तर पेटंटचं तुमचं तुम्ही बघायचं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका.