पीटेड व्हिस्कीचा तो मेसेज: भेसळही खोटी, औषधही खोटं

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तिघांकडून आला. पहिल्यांदा वाचून सोडून दिला. दुसऱ्यांदा पाठवला धाकट्या भावाने. तो लीड्सहून सुट्टीला येताना माझ्यासाठी ‘बिग पीट’ या धुरकट स्कॉचची बाटली आणणार होता. मेसेज वाचून त्याने बेत रद्द केला. "ताई, ही ब्लेंडेड आहे म्हणे. भेसळीवर पैसे कशाला घालवायचे?" तिसऱ्यांदा मेसेज आला मामांच्या फोनवरून, आणि तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मामा ७१ वर्षांचे. दम्याचा पंप उशाशी, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. जन्मात दारूला न शिवलेले मामा आठवडाभर झोपताना ६० मिली पीटेड, म्हणजे पीटच्या धुराचा वास असलेली, व्हिस्की घेत होते, कारण तिने छातीतला कफ सुटतो असं त्या मेसेजमध्ये लिहिलंय.

मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच. ‘ब्लेंडेड माल्ट’ म्हणजे सिंगल माल्टमध्ये (एकाच डिस्टिलरीच्या, फक्त मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीत) स्वस्त स्पिरिट घालून केलेली भेसळ. तिचा धुराचा वास इसेन्सचा असतो. पीपीएमचा, म्हणजे धुरातल्या फिनॉल या रसायनाच्या प्रमाणाचा, आकडा जितका मोठा, तितकी दारू उंची. रंग जितका गडद, तितकं वय जास्त. बाटलीवर वय छापलेलं नसेल तर हात लावू नका. आणि शेवटी ठळक अक्षरांत: पीटमधलं फिनॉल फुप्फुसं साफ करतं, स्कॉटलंडचे डॉक्टर दम्याला हीच देतात, रोज रात्री ६० मिली.

भेसळीपासून सुरुवात करते. हा समज आपल्याकडे का रुजला ते मला कळतं. भारतात बनणाऱ्या अनेक स्वस्त व्हिस्कीत मुख्य माल असतो मळीपासून काढलेलं अल्कोहोल, आणि त्यात थोडंसं माल्ट. साखर कारखान्यांच्या राज्यात मळी म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. वाईन शॉपात ‘ब्लेंडेड’ हा शब्द आपण अशाच बाटल्यांवर वाचत आलो, म्हणून तो दिसला की नाक मुरडतो. पण स्कॉटलंडच्या बाटलीवरच्या शब्दाला कायद्याने अर्थ ठरवून दिलेला आहे, आणि तो कायदा कुणालाही वाचता येतो. ‘स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्स २००९’. २३ नोव्हेंबर २००९ पासून लागू आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानेही तो उघडून पाहिलेला दिसत नाही.

त्यात स्कॉचचे पाच प्रकार आहेत: सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन आणि ब्लेंडेड स्कॉच. ब्लेंडेड माल्ट म्हणजे एकाहून अधिक डिस्टिलरींच्या सिंगल माल्टचं मिश्रण. संपलं. मोड आणून वाळवलेल्या बार्लीशिवाय दुसरं धान्य त्यात येत नाही, मग स्पिरिट ओतणं तर लांबच. गहू-मक्याची ग्रेन व्हिस्की जिच्यात मिसळतात ती ब्लेंडेड स्कॉच, तो प्रकारच वेगळा. जॉनी वॉकरचं रेड लेबल आणि ग्रीन लेबल एकाच फळीवर उभं असतं, म्हणून मेसेजवाल्याने दोन्ही एकाच टोपलीत टाकली आहेत. रेड लेबल ब्लेंडेड स्कॉच आहे. ग्रीन लेबल ब्लेंडेड माल्ट आहे, त्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्कीसुद्धा १५ वर्षं पिंपात राहिलेली असते, आणि तिच्यात टॅलिस्कर आणि कल ईला या धुरकट माल्टांचा हात आहे.

पूर्वी याच प्रकाराला ‘व्हॅटेड माल्ट’ किंवा ‘प्युअर माल्ट’ म्हणत, आणि त्या शब्दांनी खरोखर घोळ झाला होता. २००३ मध्ये कार्डू या सिंगल माल्टचं नाव तेच ठेवून, जवळपास तशाच बाटलीत ‘प्युअर माल्ट’ विकायला काढली, तेव्हा बाकीचे व्हिस्कीवाले चवताळून उठले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. असे घोळ थांबावेत म्हणून तर २००९ च्या नियमांत हे जुने शब्द बंद करून प्रत्येक प्रकाराची व्याख्या बांधली गेली.

‘ब्लेंडेड’ शब्दाने बिचकणाऱ्यांना मी बर्नसाइडचं उदाहरण देते. बालवेनी या डिस्टिलरीच्या पिंपात शेजारच्या ग्लेनफिडिक डिस्टिलरीची चमचाभर व्हिस्की टाकतात, म्हणजे बाहेरच्या खरेदीदाराला ती बालवेनी म्हणून विकता येत नाही. ते पिंप बर्नसाइड नावाने, ब्लेंडेड माल्ट म्हणून बाजारात येतं. धुरकट व्हिस्कीत ‘विल्यमसन’ नावाच्या बाटल्या तशाच, त्या मुळात लाफ्रोएग या डिस्टिलरीच्या मानल्या जातात. चमचाभर दुसरी व्हिस्की पडल्याने पिंपभर माल भेसळीचा होतो का?

इसेन्सचा मुद्दा याच नियमांत निकालात निघतो. स्कॉचमध्ये पाणी आणि साधं कॅरॅमल, या दोनच गोष्टी घालायला परवानगी आहे. धूर येतो तो बार्ली वाळवायच्या भट्टीतून. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा थर. विटांसारखा कापून वाळवतात आणि मोड आलेल्या ओल्या बार्लीखाली जाळतात. चुलीवरच्या भाकरीला धूर लागतो तसाच तो दाण्याला लागतो, आणि दाणा ओला असताना जास्त. आयला बेटावरच्या (स्पेलिंगमध्ये एस आहे, पण उच्चार आयला) व्हिस्कीला आयोडीन आणि सुक्या मासळीच्या जवळ जाणारा वास असतो. पहिल्या घोटाला अनेकांना तो दवाखान्याचा वास वाटतो. पुढचा सगळा घात या वासाने केला आहे.

आता औषध. बाकी मुद्दे चुकले तर फार तर पैसे वाया जातील. हा चुकला तर माणूस जाऊ शकतो.

फिनॉलचं जंतुनाशक नातं खरं आहे, एवढं मी कबूल करते. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगोच्या रुग्णालयात एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड लावलं, आणि शस्त्रक्रियेचं जग बदललं. कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉलच. पण ते जखमेवर लावलं होतं, पाजलं नव्हतं. पोटात गेलं तर फिनॉल विष आहे. व्हिस्कीतून ते बाधत नाही, कारण ते असतंच नावापुरतं. हिशेब करून बघा. चांगल्या धुरकट माल्टच्या बार्लीत ३५ पीपीएम फिनॉल धरू, म्हणजे किलोमागे ३५ मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं रांधताना आणि भट्टीत उतरताना मागे राहतं. तरी मेसेजवाल्याच्या बाजूने मोजायचं म्हणून सगळंच्या सगळं बाटलीत उतरलं असं समजू. ६० मिलीत येईल साधारण दोन मिलिग्रॅम. त्याच ६० मिलीत, व्हिस्की ४६ टक्क्यांची असेल तर, शुद्ध अल्कोहोल असतं जवळजवळ २२ ग्रॅम. दहा हजार पटीहून जास्त. मामा कफाचं औषध म्हणून जे घेत होते ते अल्कोहोल होतं, आणि वास तेवढा फिनॉलचा.

आणि ते अल्कोहोल दम्याच्या माणसाला झोपताना काय करतं? घशाचे स्नायू सैल पाडतं, त्यामुळे घोरणं आणि श्वास अडकणं वाढतं. झोप लागते लवकर, पण मोडते मध्यरात्री. दम्याच्या अनेक रुग्णांना दारूनेच धाप लागते. गुंगी आणणारं खोकल्याचं औषध बरोबर घेतलं असेल तर गुंगी दुप्पट. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर दाब एकदम उतरून माणूस रात्री बाथरूमला उठताना पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्याला पहिल्या गटातलं कर्करोगजनक ठरवलं ते १९८८ मध्ये. हे मी व्हिस्की पिणारी बाई सांगते आहे. मी चवीसाठी पिते, आणि त्याची किंमत शरीर मोजतं हे मला माहीत आहे.

आपल्याकडे या खोटेपणाला आयती जमीन मिळते, कारण सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी पाजायची रीत कितीतरी घरांत आहे. लहान मुलांनासुद्धा! अंगात ऊब आल्यासारखी वाटते ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून. प्रत्यक्षात शरीर आतली उष्णता बाहेर टाकत असतं.

मामांना हे सांगायला गेले तर म्हणाले, "अगं, मी दारू म्हणून कुठं घेतोय, औषध म्हणून घेतोय." त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पंप कसा ओढता ते करून दाखवा. मामा श्वास आत घ्यायच्या आधीच कळ दाबत होते, औषध तोंडातच राहत होतं. किती महिने ते असंच चाललं होतं कुणास ठाऊक. मेसेजने त्यांना दारू तर दिलीच, वर खोकल्याचं खरं कारण शोधायचं राहून गेलं.

बाकीचे मुद्दे भराभर घेते. पीपीएमचा आकडा बहुतेक वेळा मोड आलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. लागावुलिन आणि कल ईला या आयलावरच्या दोघींची बार्ली पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून (बार्लीला मोड आणून वाळवणाऱ्या कारखान्यातून) येते, धूरही जवळपास सारखाच, आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑक्टोमोर या अतिधुरकट व्हिस्कीच्या एका बाटलीचा आकडा ३०० च्या वर गेला होता. म्हणून ती लागावुलिनच्या नऊपट चांगली होत नाही. रंगाचं तर बोलूच नये: कॅरॅमल घालायची परवानगी आहे हे वर सांगितलंच.

वय नसलेली बाटली घेऊ नये, या मुद्द्यावर मात्र मला थोडं मागे सरावं लागतं, मनातून पटत नसलं तरी. धूर कोवळ्या व्हिस्कीत सगळ्यात जोरकस असतो, पिंपात वर्षं गेली की उतरत जातो. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या व्हिस्कीचा कच्चेपणा धुराखाली झाकता येतो, आणि काही पीटेड ब्लेंडेड माल्ट तेच करून मुरलेल्या व्हिस्कीचा भाव लावतात. हे खरं आहे. पण वय न छापणं म्हणजे फसवणूक नाही. कायद्याप्रमाणे मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचंच वय लिहिता येतं. बाकी सगळं २० वर्षांचं असलं आणि थोडं तीन वर्षांचं असलं, तर बाटलीवर येणार तीन. कंपास बॉक्स या व्हिस्की मिसळून विकणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये आपल्या दोन व्हिस्कींतल्या प्रत्येक घटकाचं वय जाहीर केलं, तर ते नियमात बसत नाही म्हणून माहिती मागे घ्यावी लागली. सांगू पाहणाऱ्यालाही सांगता येत नाही!

मग घ्यायची की नाही हे कशावरून ठरवायचं? मी आधी अल्कोहोलचे टक्के बघते. ४० ला धूर पातळ होतो. ४६ च्या खाली व्हिस्की बर्फाने किंवा पाण्याने गढूळ दिसते, म्हणून कंपन्या ती गार करून गाळतात, आणि त्यात चवीचे स्निग्ध अंश जातात. शिवाय ७०० मिलीच्या बाटलीत ४६ टक्क्यांना ३२२ मिली अल्कोहोल येतं आणि ४० टक्क्यांना २८०. उरलेलं पाणी, आणि भाव दोन्हींचा सारखा असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. मग बघते रंग घातलाय का, आणि बाटली कुठे भरली. सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. ब्लेंडेड माल्टला ते बंधन नाही, म्हणून लेबलाची मागची बाजू वाचायलाच हवी.

शेवटी भाव, पण तो तिकडच्या भावाशी ताडून काही उपयोग नाही. भारतात स्कॉचवर १५० टक्के आयात शुल्क आकारलं जात आलंय. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, महाराष्ट्राने ते आयात स्कॉचवर नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं होतं. म्हणून मी त्याच फळीवरची आर्डबेग १० ही धुरकट सिंगल माल्ट बघते. तीही ४६ टक्क्यांची, आणि एकाच डिस्टिलरीची. ब्लेंडेड माल्ट तिच्याहून निदान चौथाईने स्वस्त नसेल, तर मी आर्डबेग घेते.

भावाला फोनवर हे सगळं सांगितलं. काल त्याने दुकानातूनच बिग पीटच्या लेबलाचा फोटो पाठवला: ४६ टक्के, रंग घातलेला नाही, गार गाळणी नाही. शेजारची आर्डबेग किती महाग ते विचारलं. आकडा आला, बिग पीट चौथाईहून जास्त स्वस्त पडत होती. मी लिहिलं, घे.