फोटोतली टोपी

मामेबहीण मागच्या महिन्यात टूर कंपनीबरोबर युरोप करून आली. पॅरिसमधून तिने व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला होता. शाळेच्या भिंतीवर काळी पाटी, त्यावर सोनेरी अक्षरं. खाली प्रश्न, "ताई, काय लिहिलंय गं?" घरात फ्रेंच शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे मेन्यूकार्डापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. मी लिहून पाठवलं: या शाळेतल्या मुलांना १९४२ ते १९४४ या काळात, ज्यू म्हणून जन्मली एवढ्याच कारणासाठी, देशाबाहेर मरायला पाठवलं गेलं, नाझी क्रौर्याचे हे निष्पाप बळी, आणि त्यात तेव्हाच्या फ्रेंच, विशी सरकारचा सक्रिय सहभाग होता. दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं, "किती प्रामाणिक लोक ना! आपल्याकडे लिहील का कुणी असं?"

आपल्याकडचं राहू दे. मी अडकले त्या "प्रामाणिक"पाशी. कारण "सक्रिय सहभाग" हे दोन शब्द त्या भिंतीवर यायला पन्नासहून जास्त वर्षं लागलीत, आणि ते काही सरकारला आपणहून सुचलेले नाहीत. सिनेमावाले आणि कादंबरीकार वर्षानुवर्षं हात धुऊन मागे लागले होते.

थोडक्यात मागचं सांगते. १९४० मध्ये फ्रान्स हरला. उत्तरेत जर्मन फौजा, दक्षिणेत विशी गावातून कारभार पाहणारं मार्शल पेतँचं सरकार. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिस आणि आसपास सुमारे १३,००० ज्यूंना पकडलं, त्यात ४,००० हून अधिक मुलं. घरोघरी जाऊन दार वाजवणारे पोलीस फ्रेंच होते. ज्या बसमधून नेलं त्या पॅरिसच्या रोजच्या सिटीबस.

युद्ध संपलं आणि गोष्ट एकदम सोपी झाली. सगळा देश म्हणे लढत होता, मूठभर गद्दार सोडले तर.

आता ती टोपी. आलँ रेनेने १९५६ मध्ये नाझी छळछावण्यांवर ३२ मिनिटांचा माहितीपट केला, 'रात्र आणि धुकं'. त्यात पितिव्हिए इथल्या छावणीचा एक फोटो काही सेकंदांपुरता येतो. पितिव्हिए फ्रान्समध्येच आहे, पॅरिसच्या दक्षिणेला. फोटोत पुढ्यात पहाऱ्यावरचा माणूस उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर केपी आहे, म्हणजे फ्रेंच जंदार्मची, तिथल्या पोलिसाची, ती गोल, चपट्या माथ्याची, पुढे चोच असलेली टोपी. सेन्सॉरने हरकत घेतली. मढ्यांचे ढीग सिनेमात राहिले, टोपी मात्र नको. शेवटी फोटोवर रंगाने एक तुळई काढली आणि टोपी झाकली. मूळ फोटो सिनेमात परत यायला नव्वदचं दशक उजाडलं.

वर्गात हा माहितीपट दाखवते तेव्हा मी त्या फोटोवर थांबवते आणि काही न सांगता विचारते, काय दिसतंय? दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "मॅडम, पोस्टमन आहे का?" हसू नका. पोस्टमन, स्टेशनमास्तर, हवालदार. तो तसाच दिसतो आणि सेन्सॉरला नेमकं तेच खुपलं असणार.

बरं, लोकांना काय आवडलं? १९६६ चा 'ला ग्रांद व्हाद्रुय'. तीन इंग्रज वैमानिक पॅराशूटने पॅरिसमध्ये उतरतात, एक रंगारी आणि ऑपेराच्या वाद्यवृंदाचा एक चिडका संचालक त्यांना लपवत लपवत दक्षिणेला पोचवतात, जर्मन सगळे बावळट. सतरा दशलक्ष तिकिटं खपली, आणि पुढची चाळीसेक वर्षं दुसऱ्या कुठल्याही फ्रेंच सिनेमाला तो आकडा गाठता आला नाही. मीही पाचसहा वेळा पाहिलाय आणि दर वेळी पोट धरून हसलेय. तो संचालक झालेल्या लुई द फ्युनेसपुढे तत्त्वं टिकत नाहीत. पण त्या सिनेमात एकही फ्रेंच पोलीस कुणाचं दार वाजवून पोरं उचलत नाही, हेही खरंच.

मग मार्सेल ऑफुल्स आला. क्लेर्मों-फेराँ या एका गावाला धरून चार तासांवर लांबीचा माहितीपट, टीव्हीसाठी केलेला. सरकारी टीव्हीने लावलाच नाही. १९७१ मध्ये पॅरिसच्या थिएटरात लागला, टीव्हीवर यायला १९८१ साल उजाडलं. त्यातला एक दुकानदार मी विसरू शकत नाही. आडनाव ज्यूंसारखं वाटणारं, म्हणून त्या काळात त्याने पेपरात जाहिरात दिली होती की मी ज्यू नाही. ऑफुल्स त्याच्या दुकानात उभा राहून अगदी सभ्यपणे विचारतो, का दिलीत? आणि तो सांगतो! गिऱ्हाइकाला गैरसमज झाला तर दुरुस्त करावा, इतक्या सहज. त्याला स्वतःला त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाहीये, हे बघताना घशाला कोरड पडते.

आता इथे माझीच गाडी थोडी अडते. हा माहितीपट टीव्हीवर दाखवायला सिमोन व्हेय यांचाही विरोध होता. सोळाव्या वर्षी आउश्वित्झला नेलेली, आईवडील आणि भाऊ गमावलेली बाई. त्यांचं म्हणणं असं की यात सगळे फ्रेंच सारखेच नालायक दिसतात आणि ज्यांनी जिवावर उदार होऊन ज्यूंना लपवलं त्यांच्यावर अन्याय होतो. फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू बाहेर पाठवले गेले, पण जवळजवळ तीनचतुर्थांश वाचले, त्यातले कितीतरी कुणाच्या तरी माळ्यावर, शेतावर, कॉन्व्हेंटमध्ये राहून. मला ऑफुल्स पटतो. पण व्हेयबाईंना "तुम्हाला सत्य झेपत नाही" असं म्हणायची माझी छाती नाही.

१९७४ मध्ये दिग्दर्शक लुई मालने तर आपल्या सिनेमाला नायकच उलटा निवडला. शेतकऱ्याचा आडदांड पोरगा, भूमिगतांकडे जातो, त्यांच्यातले मास्तर म्हणतात तू लहान आहेस. परतताना सायकल पंक्चर होते आणि तो पोचतो जर्मनांच्या हस्तकांच्या अड्ड्यावर. तिथे त्याला पिस्तूल मिळतं, मान मिळतो. त्याचं कुठल्याही विचाराशी देणंघेणं नाही. त्या वेळी फ्रान्समध्ये यावरून केवढा गदारोळ झाला! पटकथेत मालचा जोडीदार होता पात्रिक मोदियानो, तेव्हा तिशीही न गाठलेला. पुढे २०१४ चं नोबेल मिळालं तो हाच.

माझ्या मते या सगळ्या साहित्यात मोदियानोच्या 'दोरा ब्रुदेर' या पुस्तकाला तोड नाही. जुन्या पेपरात, ३१ डिसेंबर १९४१ च्या अंकात, त्याला हरवल्याची एक जाहिरात सापडते. दोरा ब्रुदेर, वय १५, उंची १ मीटर ५५, चेहरा लांबट गोल, करडा कोट, निळा स्कर्ट, तपकिरी बूट. आईवडिलांचा पत्ता, ४१, बुलव्हार ओर्नानो. बस, एवढ्यावर तो निघतो. नुसती जन्मतारीख मिळवायला त्याला चार वर्षं लागली, २५ फेब्रुवारी १९२६. १८ सप्टेंबर १९४२ ला बापलेक द्रांसीच्या छावणीतून आउश्वित्झला गेले. पण पळून गेलेली ती त्या हिवाळ्यात कुठे होती, हे मोदियानोला शेवटपर्यंत सापडत नाही. दुसऱ्या एखाद्या कादंबरीकाराने रचून टाकलं असतं. हा तिथे हात आखडता घेतो.

जाक शिराक राष्ट्राध्यक्ष म्हणून "हो, हे फ्रान्सने केलं" अशा अर्थाचं पहिल्यांदा बोलले ते १६ जुलै १९९५ ला. म्हणजे त्या धरपकडीनंतर ५३ वर्षांनी. रेने, ऑफुल्स, माल यांचं काम तोवर कधीच करून झालं होतं.

हे सगळं मी बहिणीला फोनवर ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, यातलं आधी काय बघू ते सांग." म्हटलं, रेनेचं बघ, अर्ध्या तासाचंच आहे. फक्त कॉपी नवी बघून घे. जुनी असली तर टोपीच्या जागी तुळई दिसेल.