गल्लीत चोऱ्या वाढल्या म्हणता, मग कागदावर कुठं आहेत?

पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो. वेळ असेल तरच वाचा.

गेले काही महिने आमच्या बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ साइडच्या सगळ्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. कुणाच्या दारातली गाडी गेली, कुठल्या मावशीचं गंठण ओढून नेलं, टिळकवाडीत बंद घर फोडलं, उद्यमबागला सेकंड शिफ्ट सुटल्यावर पोरांचे मोबाईल काढून घेतले. आणि खाली सगळ्यांचं एकच, बेळगाव आता पहिलं राहिलं नाही. खरंय, मलाही तसंच वाटतं. पण माझं दुकान कोर्टाच्या साइडला, झेरॉक्स, डीटीपी आणि कन्नडातनं अर्ज टाईप करून देणं हेच रोजचं काम, त्यामुळं मी हे सगळं जरा दुसऱ्या टोकाकडनं बघूलोय. आणि तिथनं बघितलं की ग्रुपवर जेवढ्या चोऱ्या दिसतात तेवढ्या कागदावर दिसत नाहीत, ही मला चोऱ्यांपेक्षा मोठी काळजी वाटते.

परवाचंच सांगतो. एक पोरगा आला, वीस-बावीसचा असेल, कारखान्यात कामाला, शर्टावर ऑइलचे डाग तसेच.

"काका, मोबाईल हरवला म्हणून एक अर्ज करून द्या की."

"हरवला की कुणी नेला?"

"नेला ओ. मागनं दोघं आले गाडीवरनं, तिसऱ्या गेटच्या अलीकडं, हातातनंच ओढला."

"मग हरवला कशाला लिहायचं?"

"तिथं साहेबांनी तसंच लिहून आणा म्हणून सांगितलंय. सिम मिळायला तेवढं पुरे म्हणाले."

आता त्याला काय सांगायचं? पोराला सिम पाहिजे, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो, पगार फोनपेवर, ठेकेदाराचा फोन त्याच नंबरवर. त्याला चोर नको आहे, सिम पाहिजे. मी सांगून बघितलं, पण त्याची शिफ्ट होती, शेवटी त्याला पाहिजे तसं करून दिलं आणि तो गेला. म्हणजे रस्त्यावर जे झालं ती स्नॅचिंग, आणि कागदावर काय तर एक मोबाईल हरवला. असे किती असतील? हा एक नाही, असे येतच असतात, तोंडं फक्त बदलतात.

बरं, कायदा काय म्हणतो तेही बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम 304 खास स्नॅचिंगसाठी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या आयपीसीत असं वेगळं कलमच नव्हतं. आणि दखलपात्र, म्हणजे पोलिसांना मॅजिस्ट्रेटला न विचारता तपास करता येतो अशा गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवायलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टानं ललिता कुमारी केसमध्ये 2013 सालीच सांगून ठेवलंय. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही स्टेशनात होतो. ऑनलाइन माहिती दिली तरी चालते, फक्त तीन दिवसात जाऊन सही करायची. एवढं सगळं आहे. आणि आपल्याला मात्र ऐकायला मिळतं "साहेबरु इल्ल, नाळे बर्री", म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. दोन वेळा नाळे ऐकलं की माणूस तिसऱ्यांदा कशाला जाईल, त्याचा तेवढा पगार बुडतो.

अजून एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही. नव्या कायद्यात पाच हजाराच्या आतली चोरी अदखलपात्र केलीय. म्हणजे दारातला गॅस सिलिंडर, पाण्याची मोटर, जुना मोबाईल, सायकल, हे सगळं गेलं तरी एफआयआर होत नाही, तेवढी नोंद करून घेतात आणि तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडं बोट दाखवतात. वडगावात मागावर बसणाऱ्याची सायकल गेली तर त्याचं नुकसान सदाशिवनगरातल्या माणसाच्या बाईकपेक्षा कमी आहे का? हे कुणी ठरवलं कोण जाणे.

यावर काहीजण म्हणतील, तक्रार देऊन तरी काय मिळतं, वस्तू थोडीच परत येते. गाडीवाल्याला विचारा. इन्शुरन्सवाला पहिल्यांदा एफआयआर मागतो आणि मग सी रिपोर्ट, म्हणजे तपास केला, सापडलं नाही, असं पोलिसांनी कोर्टाला दिलेलं. एफआयआरच नाही तर सी रिपोर्ट कुठनं येणार? शिवाय आपण बॉर्डरवरची माणसं. इथनं गाडी उचलली की एकीकडं चंदगड, एकीकडं हायवेनं निपाणी करून कोल्हापूर, चोर्ल्यातनं उतरलं की गोवा, दोन-तीन तासात चोर दुसऱ्या राज्यात. तिकडच्या नाक्यावर ती गाडी सापडली तरी कंप्युटरवर चोरीची म्हणून दिसायला इथं आधी कुणीतरी नोंद केलेली पाहिजे की नको?

आणि आता जरा अवघड विषय. भाषा. इथं कृपा करून सीमाप्रश्न आणू नका, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना त्यासाठी वर्षभर वेळ आहे. मी साधं सांगूलोय. आपल्या म्हाताऱ्या बायकांना, खेड्यातनं आलेल्या माणसांना कन्नड बोलता येतं थोडंफार, वाचता येत नाही. स्टेशनात रायटर कन्नडातनं लिहितो, आणि ही माणसं नुसतं बघून सही ठोकतात. काय लिहिलंय? माहीत नाही. दागिना किती तोळ्याचा लिहिला, गाडीवर दोघं होते की एक, सगळं त्याच्यावर. एका मावशींचा कागद वाचून दाखवला मी, त्यात गळ्यातलं पडून गहाळ झालं असं होतं, आणि मावशींच्या मानेवर ओढल्याचा वळ अजून ताजा होता. मावशी म्हणाल्या, "अगोबाई, मी असं कुठं सांगितलं रे?" आता हे मुद्दाम केलं का घाईत झालं ते देव जाणे, पण कायद्यात स्पष्ट आहे, तोंडी तक्रार लिहून घेतली की ती देणाऱ्याला वाचून दाखवायची, मग सही घ्यायची, आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची. फुकट. आणि राज्यघटनेच्या 350 कलमात आहे की आपलं गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडं देता येतं. वाचून दाखवा म्हणायला भांडायची गरज नाही, हळू आवाजात "सर, ओदी हेळ्री" म्हटलं तरी पुरतं. माझा अनुभव आहे, बरेच हवालदार चांगले असतात, विचारलं की सांगतात. आपण विचारतच नाही.

पोलिसांची बाजू पण आहे, ती नाही लिहिली तर चुकीचं होईल. माणसं कमी, आणि आहेत ती सदा बंदोबस्तात. एक नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव आला बंदोबस्त, गणपती विसर्जन बंदोबस्त, डिसेंबरात हलग्याला सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन भरलं की राज्यभरातनं पोलीस येतात, ते दहा-बारा दिवस बेळगावसारखं सेफ शहर नाही, फक्त मंत्र्यांच्या रूटवर. गल्लीतला बीटवाला त्यातच गुंतलेला. चोरालाही हे कळतं. लोक सौंदत्तीला यल्लम्माला गेले, मे महिन्यात कोकणात गेले, कुलूप दिसलं की झालं. आणि सोनं तर एप्रिल 2025 मध्येच तोळ्याला लाखाच्या वर गेलं, म्हणजे दोन तोळ्याचं गंठण घालून सकाळी व्हॅक्सिन डेपोला फिरायला जाणारी काकू म्हणजे चोराच्या नजरेत दोन लाखाच्या वर चालत येतात.

2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरात आपलं नाव आलं तेव्हा किती मिरवलो. कॅमेरे लागले, कंट्रोल रूम झाली. चांगलंच झालं. पण कॅमेऱ्यातलं फुटेज मागायला केस नंबर लागतो. परत गाडी तिथंच.

आता ग्रुपवाल्यांना थोडं बोलतो, राग मानू नका. तक्रार द्यायला आपल्याला वेळ नसतो, पण "चड्डी बनियन गँग आली आहे, सावध रहा" हा कुठल्या गावचा कुठल्या सालचा फोटो मिनिटात दहा ग्रुपवर जातो. 2018 साली असल्याच पोरं पळवणाऱ्यांच्या अफवेवर धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं ठेचून मारली, त्याच महिन्यात आपल्या बिदर जिल्ह्यात कार घेऊन फिरायला आलेल्या एका इंजिनिअरला मारलं. मेले ते चोर नव्हते. परवा आमच्याकडं बांधकामावरच्या दोन बिहारी पोरांना रात्री अडवून आधार दाखव म्हणत होते, चोर सोडून मजुराला धरायचं हे कुठलं शहाणपण. संशय आला तर 112 ला लावा, सायबरचं असेल तर 1930, आणि ते लगेच. पैसे गेल्यावर जेवढ्या लवकर फोन, तेवढी मधेच अडवून धरायची शक्यता जास्त. मार्च 2025 मध्ये आपल्याच खानापूर तालुक्यात डिजिटल अरेस्टच्या धमक्यांना कंटाळून एका म्हाताऱ्या जोडप्यानं जीव दिला. कुणाला सांगायची लाज वाटली असेल बिचाऱ्यांना. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच बसवून सांगा की पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, असला कुठला कायदाच नाही.

माझं मागणं मोठं नाही. आपल्या नगरसेवकांनी, गल्लीतल्या पंचांनी, गणपती मंडळांनी महिन्यातनं एकदा आपल्या स्टेशनच्या पीआयना जाऊन विचारावं, आमच्या भागातले एफआयआर किती झाले, आणि आम्ही सांगितलेल्यांपैकी किती राहिले. मोर्चा नको, निवेदन देताना फोटो नको. एक वही ठेवा मंडळात, तारीख, जागा, काय गेलं, तक्रार दिली का, नंबर काय. मंडळाच्या पट्टीचा हिशेब ठेवतोय तेवढाच हा पण ठेवायचा. स्टेशनात कुणी घेतलं नाही तर पोस्टानं कमिशनरना लेखी पाठवता येतं, तीही कायद्यातलीच सोय आहे, रजिस्टर करा आणि पावती जपून ठेवा.

आणि ज्यांना कन्नड लिहिता येत नाही म्हणून तक्रार राहिलीय त्यांनी दुकानात या. चोरीची तक्रार असेल तर टायपिंगचे पैसे घेत नाही, वाचून पण दाखवतो. झेरॉक्सचे तेवढे द्या, टोनर महाग झालाय. दुपारी दीड ते तीन बंद असतं.