‘गनने आवळा आणि एक कट् ऐका’ : इम्पॅक्ट रेंचबद्दलच्या फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

गाडीचं चाक स्वतः बदलणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके देत बोल्ट फिरवणारी गन, घ्या. ३०० न्यूटन-मीटरचा (हे पीळ मोजायचं एकक) कुठलाही चालेल, कारण चाकाचे बोल्ट शंभर-सव्वाशेलाच आवळलेले असतात. हाताशी असेल ती गोटी (बोल्टवर बसणारं सॉकेट) लावा. गाडी जॅकवर घ्या, बोल्ट काढा, चाक बदला, त्याच गनने आवळा आणि खात्रीसाठी टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरवलेल्या पिळाला आवाज करणाऱ्या पान्याचा, एक ‘कट्’ ऐका. आट्यांना थोडं तेल लावलंत तर पुढच्या वेळी आणखी सोपं.

यातला सोडवण्याचा भाग बराचसा बरोबर आहे. आवळण्याचा भाग धोक्याचा आहे. त्यातही तो शेवटचा ‘कट्’ सगळ्यात वाईट, कारण तो ऐकून माणूस निर्धास्त होतो. खाली ‘बोल्ट’ म्हटलं आहे तिथे हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) स्टड, म्हणजे पक्के बसवलेले आट्यांचे दांडे, आणि वरून नट असलेल्या गाड्याही धरा, नियम तेच.

‘३०० चा कुठलाही रेंच पुरतो’

स्वच्छ आणि नीट आवळलेल्या बोल्टला पुरतो. प्रश्न बाकीच्यांचा आहे. इम्पॅक्ट रेंच बोल्टला सलग पीळ देत नाही. आतला हातोडा मोटरने वेग घेतो आणि गोटी बसते त्या दांड्याच्या खांद्यावर आदळतो. मिनिटाला सुमारे ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पन्नासेक ठोके. प्रत्येक ठोका क्षणभराचा असल्यामुळे हाताला झटका कमी बसतो. खोक्यावर छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा म्हणजे अशा ठोक्यांनी शेवटी गाठलेली मर्यादा. ती किती सेकंद ठोकल्यावर आणि किती जाड बोल्टवर गाठली, हे खोक्यावर बहुधा नसतं. काही खोक्यांवर दोन आकडे असतात, एक आवळण्याचा आणि एक सोडवण्याचा. सोडवण्याचा मोठा असतो आणि जाहिरातीत तोच ठळक छापतात. आकडा फूट-पाउंडात असेल तर १.३५६ ने गुणा.

बहुतेक मोटारींचे बोल्ट ९० ते १४० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. पण दोन पावसाळे गेलेला, गंज धरलेला किंवा आधी कुणीतरी बेसुमार आवळलेला बोल्ट सुटायला त्याच्या दुप्पट आणि कधी त्याहूनही अधिक मागतो. त्यात गोटी आणि रेंच यांच्यामध्ये एक्स्टेन्शन असेल तर प्रत्येक जोडात ठोक्याचा काही भाग विरतो. बॅटरी अर्धी उतरली असेल तर हातोड्याचा वेग पडतो. म्हणून चाकांसाठी अर्धा इंची ड्राइव्हचा (गोटी बसते तो चौकोनी दांडा), आवळण्याच्या आकड्यात किमान ४००-५०० चा रेंच घ्यावा, आणि बॅटरी ४-५ अँपिअर-तासाची. लहान बॅटरीत सेलची एकच रांग असते. जोर लागला की तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) पटकन पडतो आणि ठोके मऊ होतात. १८ व्होल्ट आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांत मात्र फरक नाही. दोन्हींत पाचच सेल ओळीने. एकावर सरासरी दाब छापलेला, दुसऱ्यावर पूर्ण चार्जचा.

स्क्रू मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर अडॅप्टर लावून वापरा, असंही कुणी कुणी सुचवतं. त्याचा पाव इंची षटकोनी दांडा या कामासाठी नाही. अडॅप्टर मानेत तुटतो.

‘हाताशी असेल ती गोटी लावा’

नाही. चकचकीत क्रोमची गोटी हाताने फिरवण्यासाठी असते. पोलाद कडक, भिंत पातळ, वर क्रोमचा थर. ठोक्यांखाली तिला कोपऱ्यातून बारीक तडा जातो, पुढे ती फुटते आणि तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही. इम्पॅक्टची गोटी काळी, जाड भिंतीची, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असते आणि दणका सोसते. सहा कोनी, खोल आणि अचूक मापाची घ्या. १७, १९ आणि २१ मिलिमीटर या तीन मापांत बहुतेक मोटारी येतात. अलॉय रिमसाठी बाहेरून प्लास्टिकचं कवच असलेली पातळ गोटी मिळते. ते कवच झिजलं की बदला, नाहीतर बोल्टच्या खड्ड्यात गोल ओरखडे उमटतात.

टोपी घातलेल्या नटांकडे विशेष लक्ष द्या. काही गाड्यांच्या नटांवर पातळ चमकदार पत्र्याची टोपी असते. ती फुगली किंवा सैल झाली की १९ ची गोटी अर्धीच बसते. तशी अर्धवट बसलेली गोटी ठोकली तर कोपरे गोल होतात.

चोरी टाळण्यासाठी प्रत्येक चाकाला एक खास नक्षीचा बोल्ट असेल, तर त्याच्या किल्लीवर गन अजिबात लावायची नाही. नक्षीच्या कडा बारीक असतात. एक ठोका वाकडा बसला की किल्ली फुटते, आणि मग तो बोल्ट ड्रिल करून काढावा लागतो. हा बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने, हाताने, सगळ्यात आधी सैल करायचा आणि आवळताना सगळ्यात शेवटी घ्यायचा.

‘आधी जॅक, मग गन’

इथे सल्ल्यात तथ्य आहे. हातपान्याने अधांतरी चाकाचा बोल्ट सोडवायला गेलं तर चाकच फिरतं. गनच्या ठोक्यांनी ते फारसं फिरत नाही. तरीही प्रत्येक बोल्ट चाक जमिनीवर असतानाच पाव वळसा सैल करा. कारण सोपं आहे: पाचातला एक बोल्ट गनला दाद देत नाही. गाडी तेव्हा जॅकवर असेल तर माणूस लांब दांडा घालून त्यावर जोर देतो, आणि अरुंद बुडाच्या कैची जॅकवरून गाडी घसरायला एवढं पुरतं. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना धरतो, हेही लक्षात ठेवा. पुढचं चाक बदलताना गिअर टाका आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण लावा.

सोडवताना गोटी पूर्ण आत बसवा, रेंच बोल्टच्या रेषेत सरळ धरा आणि तीन ते पाच सेकंद ठोका. सुटला नाही तर थांबा, पुन्हा ठोका. अशा तीन-चार खेपांत हलला नाही तर गन बाजूला ठेवा. स्टडच्या उघड्या टोकाला गंज सोडवणारं तेल थेंबभर लावा (ब्रेक डिस्कवर उडू देऊ नका), पंधरा मिनिटं द्या. मग एकदा आवळण्याच्या दिशेने अर्धा सेकंद ठोकून लगेच उलटं ठोका. गंजाचा थर बऱ्याचदा तिथे मोडतो. सतत मिनिटभर ठोकत राहिल्याने बोल्ट, गोटी आणि मोटर तिन्ही तापतात, बोल्ट सुटत नाही.

सुटल्याबरोबर ट्रिगर सोडा आणि शेवटचे आटे बोटांनी काढा. स्टड नसलेल्या गाडीत वरचा बोल्ट शेवटी ठेवा. तो काढून त्याच भोकात त्याच आट्यांची लांब मार्गदर्शक पिन फिरवली की चाक तिच्यावर लटकतं; नाहीतर ते सुटून ब्रेकच्या पत्र्यावर आपटतं.

कानाला प्लग आणि डोळ्याला चष्मा हवाच. हे यंत्र १०० डेसिबलच्या आसपास आवाज करतं, आणि चाकाच्या कमानीत तो आणखी घुमतो.

‘त्याच गनने आवळा आणि टॉर्क रेंचने एक कट् ऐका’

हा या सल्ल्याचा गाभा, आणि हाच पूर्ण चुकीचा.

टॉर्क रेंच ११० ला लावला आहे असं धरा. त्याचं काम एवढंच की त्याच्यावरचा जोर ११० ला पोचला की कट् वाजवायचं. बोल्ट आधीच २२० ला आवळलेला असेल, तरी ११० ला कट् वाजणारच. बोल्ट केसभरही हललेला नसतो. म्हणजे ही तपासणी कमी आवळलेला बोल्ट पकडते, जास्त आवळलेला कधीच नाही. आणि गनने होणारी नेहमीची चूक जास्त आवळण्याचीच असते: सेकंदाला पन्नास ठोके, त्यामुळे ट्रिगरवर बोट एक सेकंद जास्त राहिलं की शंभरचे दोनशे होतात.

स्वतः पाहायचं असेल तर खडूने बोल्टच्या डोक्यावरून रिमवर एक सरळ रेघ ओढा आणि टॉर्क रेंच लावा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले आणि मग कट् झाला, तर मोजमाप झालं. रेघ अखंड राहिली आणि कट् झाला, तर बोल्ट किमान ११० ला आहे, एवढंच कळलं. तो बोल्ट अर्धा वळसा सैल करून पुन्हा टॉर्क रेंचनेच आवळा.

जास्त आवळलं तर काय बिघडतं? स्टड ताणला जातो, आटे ओढले जातात, अलॉय रिममध्ये बोल्ट टेकतो ती बैठक दबते. पाचही बोल्ट वेगवेगळ्या जोराने आवळले असतील तर ब्रेक डिस्क हबवर किंचित तिरकी धरली जाते. काही हजार किलोमीटरनंतर तिची जाडी असमान झिजते आणि ब्रेक दाबताना पेडल थरथरतं. सगळ्यात लवकर कळणारा परिणाम मात्र रस्त्यावर, पंक्चर झाल्यावर दिसतो. गाडीसोबतचा पाना साधारण ३० सेंटिमीटरचा. ११० न्यूटन-मीटरचा बोल्ट सुटायला त्याच्या टोकाला ३७ किलोंचा जोर लागतो. २५० चा असेल तर ८५ किलोंचा. रात्री, पावसात, एकट्या माणसाला हे जमेल का, याचा विचार ट्रिगर दाबताना करायला हवा.

उलट चूकही होते. नट आट्यांवर वाकडा चढला की तो मध्येच अडतो, गन ठोकायला लागते, कानाला ‘आवळला’ असा आवाज येतो आणि चाक प्रत्यक्षात हबला धरलेलंच नसतं. आटे गेलेले असतात ते वेगळंच. म्हणून प्रत्येक बोल्ट बोटांनी किमान पाच-सहा वळसे सहज फिरला पाहिजे. फिरत नसेल तर काढून आटे तारेच्या ब्रशने साफ करा.

मग हातपान्याने, चाक अधांतरी असतानाच, एक सोडून एक अशा ताऱ्याच्या क्रमाने सगळे बोल्ट टेकवा. सवय असलेल्याने इथपर्यंत गन सगळ्यात खालच्या वेगावर, ठोके सुरू होण्याआधी थांबवून वापरली तर हरकत नाही. गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने दोन फेऱ्या: पहिली साठ-सत्तरला, दुसरी गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला. दांडा मुठीत धरून एकसारखा ओढा. कट् झाला की थांबा. खात्री म्हणून दोन-तीनदा कट्-कट् केल्याने प्रत्येक वेळी बोल्ट थोडा पुढे सरकू शकतो. चांगल्या टॉर्क रेंचची चूक ४ टक्क्यांच्या आत असते. बोल्ट सोडवायला तो कधी वापरू नका, आणि काम झालं की मापपट्टी सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

ठरावीक टॉर्कला लवचिकपणे पिळणाऱ्या रंगीत कांड्या मिळतात. त्या अति आवळणं टाळतात, पण गनचा जोर आणि बॅटरी बदलली की त्यांचा आकडाही बदलतो. कांडी वापरली तर ती पुस्तिकेतल्या आकड्याच्या खालची घ्या आणि शेवट टॉर्क रेंचनेच करा.

‘आट्यांना थोडं तेल लावा’

पुस्तिकेतला आकडा जवळपास नेहमी कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. आवळताना लावलेल्या जोरातला निम्मा बोल्टच्या बैठकीखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि चाक धरून ठेवणारा ताण उरलेल्या दहाएक टक्क्यांतून येतो. तेलाने घर्षण घटलं की तोच ११० चा आकडा कितीतरी जास्त ताण देतो. एम१२ (१२ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला कोरड्यात सुमारे ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांच्या वजनाइतका ताण येतो. घर्षण ३० टक्के कमी झालं तर तो ६५ वर जातो. ८.८ प्रतीचा (हा पोलादाच्या ताकदीचा दर्जा) एम१२ बोल्ट पन्नासच्या जरा पुढे कायमचा ताणला जायला लागतो, १०.९ प्रतीचा सत्तरच्या आसपास. टॉर्क रेंच अगदी बरोबर वापरूनही तेलामुळे बोल्ट वाया जाऊ शकतो, तो असा.

गंजाचा त्रास कमी करायचाच असेल तर हबच्या मधल्या उंच कड्यावर, जिथे रिम बसतो, तिथे अँटीसीझचा (धातू चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवा. चाक हबला चिकटून बसतं ते तिथेच. आटे, बोल्टची बैठक आणि हबचा सपाट चेहरा कोरडा ठेवा. त्या सपाट भागावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून टाका, कारण तो चाकाखाली दबून भुगा होतो आणि तेवढा बोल्टचा ताण उतरतो. चाक बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर झाले की, चाकं थंड असताना, टॉर्क रेंच पुन्हा एकदा फिरवायचा तो याचसाठी. त्या वेळी एखादा बोल्ट कट् होण्याआधी पाव वळसा फिरला, तर चाक काढून बैठक आणि आटे पाहा.